कपाट नंबर तीन

या स्मरणिकेच्या हिंदी विभागात प्राचार्यांची यादी आहे, निकालांचे तक्ते आहेत, कोणत्या साली कोणती खोली बांधली तेही आहे. इंग्रजी विभागात शोधनिबंधांची सूची आहे. मराठी विभागासाठी संपादकांनी माझ्याकडे प्राणिशास्त्र विभागातल्या परजीवी-प्रयोगशाळेचा इतिहास मागितला आणि वर 'थोडं रंजक लिहा, सर' असेही सुचवले. निवृत्त माणसाला दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड. मी सरळ विभागात गेलो, शिपायाकडून किल्ली घेतली आणि कपाट नंबर तीन उघडले. आमच्या प्रयोगशाळेचा जो काही इतिहास आहे, तो त्या कपाटात आहे. फॉर्मॅलिनच्या बाटल्या, कॅनडा बाल्समने पिवळ्या पडलेल्या काचपट्ट्या आणि चिठ्ठ्या. काही चिठ्ठ्यांवरची शाई उडून गेली आहे. झाकण काढले की अजून डोळ्यांत पाणी येते. त्याला भावना समजू नये, ते फॉर्मॅलिन आहे.

भिलाईत कृमींचा अभ्यास का, असे बाहेरचे लोक विचारतात. पोलादाचे गाव, 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भाताच्या शेतांत सेक्टरमागून सेक्टर उभे राहिले. अशा गावात पोरांनी धातुशास्त्र शिकावे, माशांच्या आतड्यात काय शोधायचे? पण आमच्याकडे धातू नव्हता, सूक्ष्मदर्शक होते. आणि जुने नाते होते. 1956 पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर. इथली महाविद्यालये आधी नागपूरकडे, मग सागरकडे, आणि 1964 साली रायपुरात रविशंकर विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिकडे पाहू लागली. आमच्या विभागातले पहिले मास्तर नागपूरहून शिकून आलेले. त्यांनी येताना सोबत आणलेली गोष्ट म्हणजे नागपूरच्या सायन्स कॉलेजातला एक अभिमान. तिथल्या एम. ए. मोघे यांनी 1925 साली 'पॅरासिटॉलॉजी' या केंब्रिजच्या नियतकालिकात मांगूर माशातल्या एका पट्टकृमीचे वर्णन छापले होते. हा कृमी एकाच पेराचा, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा. आज त्याला लायटोसेस्टस इंडिकस म्हणतात. आमच्या सरांना तो लेख जवळजवळ पाठ होता. वर्गात मोघ्यांचे नाव आले की ते खडू खाली ठेवत.

मांगूर इकडे भरपूर. छत्तीसगढीत त्याला मोंगरी म्हणतात. तांदुला आणि मरोदा जलाशयांचे, शिवनाथ नदीचे मासे सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारात येत. आम्ही सकाळी सहाला डबे घेऊन जायचो, पण मासा विकत घ्यायला नव्हे. महाविद्यालयाकडे तेवढे पैसे नव्हते. मासा कापून झाल्यावर केवटीण जे टोपलीत टाकते ते आम्हाला हवे असायचे. पहिल्या दिवशी बायांना वाटले, ही पोरे मांजरांसाठी नेतात. मग त्या आमच्यासाठी आतडी वेगळी ठेवू लागल्या, मांगूरची एका पानावर, शिवड्याची दुसऱ्या पानावर. शिवड्याला इकडे पढिन म्हणतात. एकीने एकदा विचारले, आत काय सापडते? आम्ही सांगितले. त्यानंतर तिने काही दिवस मासा खाल्ला नाही म्हणे, आणि गिऱ्हाइकांना सांगितलेही नाही. मांगूरच्या आतड्यातले हे पट्टकृमी माणसाला होत नाहीत, हे तिला समजावून सांगायला एक सकाळ गेली. तेव्हा हे काम आम्हाला क्षुल्लक वाटायचे. आज वाटते, नमुना कुठून आला याची सर्वांत चोख नोंद तिच्या पानांवर होती. आमच्या चिठ्ठ्यांवर बरेचदा फक्त 'भिलाई बाजार' एवढेच आहे.

ग्रंथालयात यामागुतींचे 'सिस्टेमा हेल्मिंथम' होते. त्याचा पट्टकृमींचा खंड 1959 चा. वॉर्डल आणि मॅकलिऑड यांचे 1952 चे पट्टकृमींवरचे पुस्तक होते. साउथवेलचे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'तले 1930 चे दोन खंड होते. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतल्या भालेरावांचा पाळीव जनावरांच्या कृमींवरचा 1935 चा प्रबंध होता, त्याची बांधणी सुटलेली. आणि भिलाई असल्यामुळे रशियन पुस्तके होती. कारखान्यातले सोव्हिएत तज्ज्ञ मायदेशी परतताना पुस्तकांची खोकी देऊन जात. त्यात स्क्रियाबिन यांच्या कृमिशास्त्राचे सुटे खंड आमच्याकडे आले. रशियन कुणालाच येत नव्हते. पण आकृत्या इतक्या स्वच्छ होत्या की आम्ही त्या समोर ठेवून आमची चित्रे काढायचो. त्यांच्या कृमींच्या आकृत्यांशी आमच्या कृमींची तुलना करताना मधले काही हजार मैल कुणाच्या मनात येत नव्हते.

इथून पुढे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत भारतभरच्या प्राणिशास्त्र विभागांत एक उद्योग जोरात चालला होता: नवी प्रजाती शोधणे. पीएच.डी. म्हणजे नव्या प्रजाती, बढती म्हणजे नव्या प्रजाती. पट्टकृमी बोरॅक्स कार्माइनमध्ये रंगवायचा, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून न्यायचा, बाल्सममध्ये बसवायचा, कॅमेरा ल्युसिडावर चित्र काढायचे आणि मोजायचे. शीर्ष केवढे, वृषण किती, अंडाशय इंग्रजी एच अक्षरासारखे की फुलपाखरासारखे, पेर रुंद की लांब. आधीच्या वर्णनाशी दोन आकडे जुळले नाहीत की नवी प्रजाती. मासा वेगळा असेल तर शंकाच नको. प्रजातीला नाव द्यायचे गावाचे, गुरूंचे, किंवा नवे काही सुचले नाही तर माशाचे.

माझ्याही वहीत अशी एक नवी प्रजाती तयार होती. नाव ठरले होते, चित्रे झाली होती, टंकलेखनाचे पैसेही देऊन झाले होते. सरांनी तो कागद वाचला आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशी मला बाजारात पाठवले. एकाच शिवड्याच्या आतड्यातून निघालेले आठ कृमी त्यांनी दोन भागांत वाटले. चार थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकले, ते तिथल्या तिथे गोळा झाले. चार जवळजवळ उकळत्या फॉर्मॅलिनमध्ये टाकले, ते क्षणात सरळ आणि सैल होऊन मेले. नंतर प्रत्येक भागातली एक जोडी दोन काचांमध्ये दाबून रंगवली, दुसरी न दाबता. आठवड्याभराने त्यांनी मला चारी काचपट्ट्या मोजायला लावल्या. थंड फॉर्मॅलिनमधल्या कृमींना मानच नव्हती आणि पेरे रुंद होती. गरम फॉर्मॅलिनमधल्यांना लांब मान. दाबलेल्यांचे अंडाशय पसरून फुलपाखरू झाले होते. माझ्या निकषांनी मोजले तर एका माशाच्या एका आतड्यात तीन प्रजाती निघत होत्या. सर म्हणाले, 'आता चौथीला माझं नाव दे.' तो कागद मी कुठे पाठवला नाही. आमच्या विभागाच्या नावावर प्रकाशित प्रजाती कमी का, असे महाविद्यालयांचे मूल्यमापन करणाऱ्या नॅकच्या समितीने एकदा विचारले होते. त्याचे उत्तर त्या आठ कृमींत आहे, पण ते नॅकच्या फॉर्ममध्ये बसत नव्हते.

शेजारी रायपुरात मात्र नेटाने काम चालले होते. सातपुते आणि अग्रवाल यांनी मांगूरच्या या एकपेरी पट्टकृमींवर वर्षानुवर्षे लिहिले: कोणत्या ऋतूत ते वाढतात, माशाच्या आतड्याच्या भिंतीचे काय करतात. 1980 साली त्यांनी वर्णन केलेल्या एका कृमीला रायपूरचे नाव मिळाले. आज तो बोविनिया रायपुरेन्सिस म्हणून ओळखला जातो. वर्णन करणाऱ्यांची नावे पुढे कंसात छापतात, आणि हा कंस उगाच नसतो. प्रजाती खरी, पण नंतर कुणीतरी तिला दुसऱ्या वंशात हलवले, एवढी गोष्ट तो कंस सांगतो. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी म्हणायचो, लग्न होऊन आडनाव बदलले तरी माहेर लिहून ठेवायची पद्धत आहे, तसेच हे. हल्ली हा दृष्टान्त देत नाही, मुली विचारतात की मुलग्यांचे काय.

हिशेबाची वेळ 2011 साली आली. अनिर्बाण अॅश, चेक प्रजासत्ताकातले तोमाश शोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांगूरमधल्या एकपेरी पट्टकृमींची सगळी वर्णने, मिळतील तेवढे मूळ नमुने आणि नव्याने गोळा केलेले कृमी एकत्र मांडून तपासले. नावे होती 59. टिकल्या 8 प्रजाती. बाकीची नावे त्याच आठांची टोपणनावे ठरली, थंड फॉर्मॅलिनची, दाबलेल्या काचांची आणि घाईची. हा निवाडा मुख्यतः शरीररचनेवरच झाला होता, हे मुद्दाम सांगतो. सगळे श्रेय जनुकांना देण्याची हल्ली पद्धत पडली आहे. जुना सूक्ष्मदर्शक नीट वापरला असता तर निम्मे काम तेव्हाच झाले असते. त्या आठांत 1925 चा मोघ्यांचा कृमी आहे, आणि 1980 चा रायपूरचाही. ज्या दिवशी ती यादी आमच्या हाती आली, त्या दिवशी सर हयात नव्हते. मी ती छापून कपाट नंबर तीनच्या दाराला आतून चिकटवली. अजून आहे.

पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, त्याच गटाने गंगेसिया या वंशाचा हिशेब मांडला, आणि या वेळी जनुके सोबत होती. हे नाव वुडलंड यांनी 1924 साली गंगेवरून ठेवले. शिवडा, शिंगाळा अशा मिशाळ माशांतला हा अनेक पेरांचा, आकड्यांचे शीर्ष असलेला कृमी. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव सीनघाला; कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांवर लिहिताना तिथल्याच बोलीतून ते उचलले, तेव्हा आपली भाषा या यादीत कृमीच्या आधीच येऊन बसली होती. गंगेसियाच्या शोधनिबंधाच्या लेखकांत जिनिव्हाच्या संग्रहालयाचे तज्ज्ञ होते, पश्चिम बंगालचे होते आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातले शिवाजी चव्हाणही होते. भारत, बांगलादेश, श्रीलंका, थायलंड, कंबोडिया, इंडोनेशिया इथून कृमी गोळा झाले. या सगळ्या प्रदेशातून गंगेसियाच्या 48 प्रजातींची नावे छापली गेली होती. उरल्या चार.

अठ्ठेचाळिसातून चव्वेचाळीस वजा. मराठवाड्यात, उत्तर प्रदेशात, बंगालात कित्येकांच्या प्रबंधांचा गाभा त्या चव्वेचाळिसांत होता. काहींनी मनाला लावून घेतले. मला यात कुणाची बदनामी दिसत नाही. ज्या काळात प्रवासाला पैसे नव्हते, परदेशी संग्रहालयातला मूळ नमुना पाहायचा तर आयुष्य जाई, आणि दुसऱ्या विद्यापीठाचे नियतकालिक दोन वर्षांनी मिळे, त्या काळात दोन माणसांनी एकाच कृमीला दोन नावे दिली तर आश्चर्य कसले? दोष द्यायचाच तर त्या नियमाला द्यावा, ज्याने नव्या नावाला पदवी दिली आणि जुने नाव तपासण्याला काहीच दिले नाही.

आता आमच्या कपाटाकडे. गंगेसियाचा शोधनिबंध वाचल्यावर एका तरुण सहकारी बाईंनी ठरवले की आपल्याही बाटल्यांतल्या कृमींची जनुकीय तपासणी करायची. तीस-चाळीस वर्षांचे नमुने, शिवनाथचे, तांदुल्याचे, काही तर आता आटलेल्या तळ्यांतले. आम्ही उत्साहाने दहा बाटल्या निवडल्या, तुकडे काढले, धुतले, एका मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवले. काहीही निघाले नाही. परत पाठवले. पुन्हा काही नाही. कारण साधे आणि दुष्ट आहे. फॉर्मॅलिन ऊतींचा आकार शंभर वर्षे जपते, ते त्यातल्या रेणूंना एकमेकांशी बांधून टाकून. प्रथिने डीएनएला जखडतात, आणि जखडलेला धागा पुढे तुटत जातो. शरीर अखंड, आतली लिपी गेलेली. ज्या द्रवाने आमचा संग्रह वाचवला, त्यानेच तो जनुकांच्या दृष्टीने मुका केला. हे आधीच्या पिढीला कळणे शक्यच नव्हते. पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांना 1983 साली सुचली; आमच्या बऱ्याच बाटल्या त्याआधीच बंद झाल्या होत्या.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली, आणि विभागाच्या इतिहासात मी याच बदलाला सर्वांत मोठा मानतो, नव्या इमारतीपेक्षाही. आता कृमी सापडला की त्याचा मधला छोटा तुकडा कापून 99 टक्के अल्कोहोलमध्ये जातो, आणि उरलेला कृमी, शीर्ष आणि प्रजननाची पेरे सांभाळून, गरम फॉर्मॅलिनमध्ये. दोन्हींवर एकच क्रमांक. म्हणजे उद्या कुणी जनुकाचा अनुक्रम पाहिला तर तो ज्या शरीराचा आहे ते शरीरही काचपट्टीवर पाहता येते. पूर्वी नाव आणि शरीर एवढेच जोडलेले असायचे. आता नाव, शरीर आणि अक्षरे अशी तिहेरी गाठ.

अक्षरे कशी वाचतात ते थोडक्यात. तुकड्यातून डीएनए काढायचा. त्यातला नेमका हवा तो भाग पकडणारे दोन छोटे आरंभक टाकायचे. मग नळी 94 अंशांपर्यंत तापवायची, की दुहेरी धागा सुटतो. पन्नाशीच्या आसपास थंड करायची, की आरंभक जागेवर बसतात. 72 अंशांवर ठेवायची, की एन्झाइम धागा पुरा करते. हे पस्तीस वेळा. दर फेरीला प्रती दुप्पट. भिलाईत तापमान म्हटले की लोकांना पंधराशे अंश आठवतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता रोलिंग मिलमध्ये आहे, पीसीआरचे यंत्र पाहून विचारले होते, 'एवढीशी भट्टी?' त्याला मी सांगितले की या भट्टीत माल कमी जातो, पण निघतो अब्जावधीने.

कोणता भाग वाचायचा यावर सगळे अवलंबून असते. रायबोसोमच्या 28एस जनुकाचा भाग हळू बदलतो. तो मोठी घराणी सांगतो. त्या जनुकांच्या मधला आयटीएस भाग जरा वेगाने बदलतो; जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला तो चांगला. मायटोकाँड्रियातले कॉक्स-1 जनुक आणखी वेगाने बदलते. सख्खी भावंडे आणि चुलत भावंडे ते ओळखते. पण ते एकाच बाजूने, आईकडून येते. म्हणून एका जनुकावर निवाडा देणारा माणूस मला एका साक्षीदारावर निकाल देणाऱ्या न्यायाधीशासारखा वाटतो. आशियातल्या यकृतकृमींचे उदाहरण घ्या. गुरांच्या यकृतातले फॅसिओला हेपॅटिका आणि फॅसिओला जायजँटिका हे दोन नातेवाईक काही भागांत संकर करतात. अशा कृमीचे मायटोकाँड्रिया एका घरचे आणि आयटीएस दोन्ही घरांचे निघू शकतात. फक्त कॉक्स-1 वाचले असते तर संकर दिसलाच नसता.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जनुकशास्त्र म्हणजे नावे खोडणारा खोडरबर. तसे नाही. मुंबईच्या परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील पेडणेकर आणि सहकाऱ्यांनी, ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांबरोबर, 2009 साली हायडॅटिड या पाण्याच्या गाठी करणाऱ्या कृमीवर काम प्रसिद्ध केले. हे महाविद्यालय 1886 चे, म्हणजे आमच्या भिलाईपेक्षा कितीतरी जुने. कत्तलखान्यातल्या जनावरांच्या फुप्फुसा-यकृतातल्या गाठी त्यांनी घेतल्या. पुस्तकात त्या सगळ्यांचे नाव एकच होते, एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. जनुकांनी मात्र त्यात वेगवेगळे गट दाखवले. म्हशींचा गट सर्वाधिक, मेंढ्यांचा थोडा, आणि गुरांचा एक गट तर इतका वेगळा की त्याला आता एकिनोकॉकस ऑर्टलेपी अशी स्वतंत्र प्रजाती मानतात. म्हणजे मांगूर आणि शिवड्यात अनेकांचे थोडे झाले, गाठींमध्ये एकाचे अनेक झाले. कुठल्या दिशेला जायचे हे आधी ठरवून गेले की चूक होते, मग ते नवी प्रजाती काढायच्या हौसेने असो वा जुनी खोडायच्या.

माशांच्या कृमींवर नाव चुकले तर फार तर एखाद्याचा प्रबंध चुकतो. माणसांच्या कृमींवर चुकले तर औषध, सर्वेक्षण आणि पैसा चुकतो. दुर्ग-रायपूर हा हत्तीरोगाचा पट्टा आहे. राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम 1955 सालचा, म्हणजे पोलाद करार झाला त्याच वर्षीचा. आमच्या विद्यार्थ्यांनी रात्रीच्या रक्ततपासणीत आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर काम केले आहे, कारण हत्तीरोगाच्या कृमीची, वुचेरेरियाची, पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात. काचपट्टीवर पिल्लाच्या शेपटीचे टोक पाहायचे. टोकाला दोन ठिपके असतील तर ब्रुजिया मलायी, नसतील तर वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. वाचायला सोपे. रात्री दीडला, पिवळ्या बल्बखाली, घडी पडलेली शेपूट पाहणाऱ्याला विचारा. दोन्हींच्या डीएनएत वारंवार येणारे, पण एकमेकांत न सापडणारे तुकडे आहेत. त्यावर बेतलेला पीसीआर एका पिल्लावरही उत्तर देतो, रक्तातल्या किंवा डासाच्या पोटातल्याही.

तीच गोष्ट अंकुशकृमीची. अँकायलोस्टोमा ड्युओडिनेल आणि निकेटर अमेरिकानस यांची अंडी विष्ठेत सारखीच दिसतात. वर्षानुवर्षे अहवालात फक्त 'हुकवर्मची अंडी' लिहिले गेले. कुत्र्या-मांजरांचा अँकायलोस्टोमा सेलॅनिकम हा माणसाच्या आतड्यात पूर्ण वाढून अंडी घालतो, आणि त्याचीही अंडी तशीच. आयटीएस वाचायला लागल्यापासून आशियातल्या अनेक ठिकाणी तो माणसांत सापडू लागला. माणसांना गोळ्या देऊन गावातली कुत्री तशीच सोडली तर काय होते, हे सांगायला जनुकशास्त्रज्ञ लागत नाही, पण कुत्र्यांकडे बघायला हवे हे सांगायला लागला.

कुणी म्हणेल, महाविद्यालयाच्या इतिहासात हे सगळे जगाचे कशाला. पण आमची प्रयोगशाळा कधीच एकटी नव्हती. मोघ्यांचा एक लेख, रशियन आकृत्या, रायपूरचा एक कृमी, नांदेडचा एक लेखक, बाजारातली एक केवटीण: या धाग्यांवर ती उभी राहिली. स्वतःची मोठी उपलब्धी म्हणून दाखवावे असे आमच्याकडे फार नाही. दोन वर्षांपूर्वी मांगूरच्या आतड्यातून काढलेल्या एका कृमीचा 28एस अनुक्रम आमच्या विद्यार्थिनीने जाळ्यावरच्या जाहीर साठ्याशी ताडून पाहिला. तो ज्याच्याशी जुळला, त्या नोंदीतले माशाचे नाव चुकीचे असावे अशी तिला शंका आली. ती बरोबर असण्याची शक्यता आहे. एक तर ज्याला आपण पिढ्यान्पिढ्या क्लेरियस बॅट्रॅकस म्हणत आलो, तो मूळचा जावा बेटाचा. भारतातला मांगूर वेगळा, त्याचे नाव हॅमिल्टन यांनी 1822 साली दिलेलेच, क्लेरियस मगुर. आणि बाजारात बंदी असूनही थाई मांगूर म्हणून आफ्रिकेचा मासा येतो, कोवळेपणी सहज फसवणारा. कृमीचे नाव पक्के करायचे तर यजमानाचेही करावे लागते. म्हणून आता आम्ही माशाच्या पराचाही तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतो. केवटिणीच्या दोन पानांची ही सुधारलेली आवृत्ती.

जनुकांवरही मी आंधळा विश्वास ठेवायला सांगणार नाही. दोन अनुक्रमांत किती टक्के फरक असला की प्रजाती वेगळी, याची लक्ष्मणरेषा कुठेही आखलेली नाही. वेगवेगळ्या कृमिघराण्यांत ती वेगवेगळी पडते. जाहीर साठ्यात चुकीच्या नावाने चढवलेले अनुक्रम आहेत, आणि ते पाहून पुढचे चुकतात, अगदी आमच्या काळात छापील वर्णने पाहून चुकायचो तसेच. साधन बदलले, घाई तीच आहे.

कपाटातल्या बाटल्यांचे काय करायचे, यावर विभागात वाद झाला. काहींचे मत होते, जागा अडते, टाकून द्या. मी विरोध केला आणि तेवढी माझी चालली. त्यांतले काही नमुने अशा तळ्यांतले आहेत की ती तळी आता वसाहतींखाली गेली आहेत. जुन्या फॉर्मॅलिनमधूनही तुटके डीएनए वाचायच्या नव्या रीती जगात येत आहेत. आज मुका असलेला कृमी उद्या बोलेल. चिठ्ठ्या पुन्हा पेन्सिलीने लिहून घेतल्या आहेत, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते म्हणून.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती, आणि संपादकांनी ती कापू नये ही त्यांनाही विनंती. प्रबंध झाल्यावर बऱ्याच जणांनी काचपट्ट्यांच्या पेट्या घरी नेल्या, हे मला माहीत आहे. मीही एक नेली होती, ती परत आणून ठेवली आहे. त्या पेट्या माळ्यावर असतील तर विभागात आणून द्या. मूळ वर्णनाचा नमुना घरातल्या कपाटात असला की उद्याच्या माणसाला तो नसल्यासारखाच. नोंदवही असेल तर तीही आणा, फाटकी असली तरी चालेल. तारीख, तळे आणि मासा एवढे वाचता आले की पुरे. ज्यांना नव्याने नमुने गोळा करायचे असतील त्यांच्यासाठी अल्कोहोलच्या कुप्या, चिठ्ठ्या आणि पेन्सिली विभागाकडून मिळतील. कपाट नंबर तीनची किल्ली कार्यालयात, डावीकडच्या दुसऱ्या खुंटीला असते.